दोन इसा नऊ

डिसेंबरमधला मंगळवार होता, दुसरीचा गणिताचा तास. फळ्यावर ४९ लिहिलं आणि मुलांना म्हटलं, काड्यांचे गठ्ठे करून एवढी संख्या मांडून दाखवा. म्हणजे दहा-दहाचे चार गठ्ठे, वर नऊ सुट्या काड्या. दशक आणि सुटे आमच्याकडं पहिलीपासूनच चालतं, त्यामुळं पोरांचे हात न सांगता चालतात. फिरत फिरत शेवटच्या रांगेत गेले तर सतरंजीच्या कडेला बसलेल्या एका मुलानं दोनच गठ्ठे केलेले, चांगले जाडजूड, आणि शेजारी नऊ काड्या नीट ओळीत ठेवलेल्या. मी म्हटलं, अरे चार पाहिजेत ना, दोनच कसे? तो काहीच बोलला नाही. मग मी वाकून त्याचे दोन्ही गठ्ठे सोडले, दहा-दहा मोजून चार बांधून दिले आणि पुढं गेले.

ते गठ्ठे सोडलेले माझे हात मला अजून आठवतात, म्हणून हे लिहायला बसलेय.

हा मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला, बीडकडचा. आमची शाळा सातारा जिल्ह्यात, कारखान्यापासून चार-पाच किलोमीटरवर, त्यामुळं दिवाळी झाली की गावाच्या कडेच्या मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे त्यांची बांबू-चटयांची तात्पुरती घरं, पडतात आणि आमच्या पटावर दरवर्षी पाच-सहा मुलं वाढतात, मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की ती परत जातात. दोन शिक्षकी शाळा, माझ्याकडं पहिली-दुसरी एकत्र, हे सगळे धरून त्या वर्षी ३१ मुलं. हा पोरगा येताना दोन वर्षांची बहीण काखेत घेऊनच यायचा, कारण आईबाप पहाटे चारला फडात गेलेले असायचे. ती त्याच्या मांडीवर झोपायची आणि हा एका हातानं अभ्यास करायचा.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी होते. हा बहिणीला पुढ्यात बसवून चिंचोके मोजत होता, मोठ्यानं, एक ते वीस. वीस झाले की तेवढे बाजूला सारायचा आणि म्हणायचा "एक ईस". परत एकपासून. परत बाजूला. "दोन इसा." मग उरलेले मोजले आणि तिला सांगितलं, "दोन इसा अन् सात." मी तिथंच खाली बसले. म्हटलं हे असं मोजायला कुणी शिकवलं रे? "मपली आजी अश्शीच मोजती की बाई." अरे मग पाच इसा म्हणजे किती? एका सेकंदात उत्तर, "शंबर."

म्हणजे आदल्या दिवशी त्याचे दोन गठ्ठे बरोबर होते. वीस आणि वीस आणि नऊ. त्याला ४९ कळलेलं होतं, पूर्ण कळलेलं होतं, फक्त माझ्या रस्त्यानं कळलेलं नव्हतं आणि माझ्याकडं दुसरा रस्ता ओळखायची सवयच नव्हती. मी बी.एड. केलंय, डी.एड. केलंय, ढीगभर प्रशिक्षणं झालीत, सर्जनशीलतेवर भाषणं ऐकलीत, आणि समोर एक आठ वर्षांचं पोरगं विसाच्या पायावर मोजतंय ते मला दिसलं नाही.

त्या दिवशी मी मुलांचा घरचा अभ्यास बदलला. वहीत काहीच लिहून आणायचं नाही, फक्त विचारून यायचं की तुमच्या घरी, दुकानात, रानात कुठली वस्तू कशी मोजतात. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर सांगायला सुरुवात केली तर तास संपेना! केळी डझनावर, म्हणजे बारा. अंडी ट्रेवर, एका ट्रेला तीस. कडब्याच्या पेंढ्या शेकड्यावर. ऊस मोळीवर, आणि मोळीत किती ऊस ते ऊस केवढा जाड आहे त्यावर, त्यामुळं शेवटी काट्यावर टनातच कळतं, हे टोळीतल्याच एका मुलीनं समजावून सांगितलं, आई मोळ्या बांधते ती वाढ्यानं बांधते हे पण सांगितलं. आणि मग गावातलीच चार पोरं म्हणाली, मॅडम, आमची आज्जी पण इसानीच मोजती! कोणाची आज्जी कोंबड्या इसानी मोजायची, कोणाची पणजी तर म्हणे शंभर म्हणायचीच नाही, पाच इसाच म्हणायची. त्या पोराचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता. दीड महिना शेवटच्या रांगेत बसलेला, आणि आता अख्खा वर्ग त्याच्याकडं वळून बघतोय, की तुझी आजी आणि माझी आज्जी एकसारखंच मोजतात.

मग पुढं आम्ही तेच गणित फळ्यावर घेतलं. एक इसात किती दशक? दोन. दोन इसात? चार. तीन इसा आणि दहा म्हणजे? इथं वर्गात भांडणं झाली, खरी भांडणं, साठ का सत्तर यावरून, आणि काड्या काढून सोडवली. फ्रेंच भाषेत ऐंशीला "चार वीस" असंच म्हणतात हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाली मग त्यांची पण आज्जी असणार.

आता थोडं मराठी संख्यांबद्दल बोलते, कारण ज्यांनी लहान मुलांना शिकवलेलं नाही त्यांना यातलं दुखणं माहीत नसतं. आपण "एकवीस" म्हणतो तेव्हा आधी एक ऐकू येतो, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग एक. त्यामुळं निम्मी पोरं सुरुवातीला १२ लिहितात, आणि ती ढ असतात म्हणून लिहीत नाहीत, ती कानाला जे ऐकू आलं त्याच क्रमानं लिहितात. एकोणतीस तर त्याहून कठीण, ऐकू येतं तीस आणि लिहायचं दोनावर नऊ. त्रेपन्न, सत्तावन्न, एकोणसत्तर, प्रत्येक शब्द वेगळा पाठ करायचा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत दिली होती, जुन्या शब्दांच्या सोबतच दिली होती, मंगला नारळीकर मॅडम त्या समितीच्या प्रमुख होत्या. केवढा गदारोळ झाला तेव्हा! विधानसभेत विषय गेला, व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. मराठी शब्द जातील ही भीती मला समजते, मला स्वतःला एकोणसत्तर हा शब्द आवडतो, तो टिकायलाच पाहिजे. पण त्या गदारोळात एक गोष्ट फारसं कुणी बोललं नाही की मुलाला एकाच संख्येकडं जायला दोन वाटा मिळाल्या तर त्याचं काहीच बिघडत नाही, उलट दोन्ही वाटांची तुलना करता करताच त्याला संख्या म्हणजे काय ते कळतं. मी दोन्ही घेते. एकवीस पण, वीस एक पण, आणि आता एक ईस एक पण.

इथं मला दुसरी एक गोष्ट कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हाला एक तक्ता भरायला दिला होता. तीन कॉलम. पाहून शिकणारी मुलं, ऐकून शिकणारी मुलं, करून शिकणारी मुलं. आपापल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव एका कॉलममध्ये टाकायचं आणि मग त्याला त्या पद्धतीनं शिकवायचं. मला तेव्हा ते फार आवडलं होतं, वाटलं चला, प्रत्येक मूल वेगळं असतं हे कुणीतरी मान्य तरी करतंय. मी रात्री बसून मनापासून तो तक्ता भरला. त्यात एक मुलगी होती, गाणी फार सुंदर म्हणायची, मी तिला "ऐकून"मध्ये टाकलं. मग वर्षभर तिला पाढे चालीत, कविता चालीत, सूचना तोंडी. मणी, काड्या, ठोकळे हे सगळं "करून"वाल्या मुलांना. वर्षाच्या शेवटी ठोकळ्यांची पेटी आवरायला मी सहज तिला सांगितलं तर ती पेटी आवरायच्या आधी अर्धा तास तिथंच बसली आणि तिनं असा एक जिना रचला की एक, त्यावर दोन, त्यावर तीन, आणि मला म्हणाली मॅडम, दोन जिने उलटे सुलटे लावले की चौकट होते बघा. पहिल्या दहा संख्यांची बेरीज करायची जी युक्ती मोठ्या वर्गात शिकवतात ती तिला हातात सापडली होती. आणि मी तिला वर्षभर त्या पेटीजवळ जाऊ दिलं नव्हतं, कारण ती "ऐकून" शिकणारी होती.

नंतर मी याबद्दल वाचायला लागले. २००८ साली चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या "लर्निंग स्टाइल्स"वरचं संशोधन एकत्र तपासलं, आणि त्यांचा निष्कर्ष असा की मुलाची शैली ओळखून त्याच शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं याला पुरेसा पुरावाच नाही. लोकांची आवड वेगवेगळी असते हे खरं, पण आवडीचा कॉलम आणि शिकण्याचा कॉलम एकच असतो हे काही सिद्ध झालेलं नाही. दुसरं एक नाव आपल्याकडच्या प्रशिक्षणात हमखास येतं, हॉवर्ड गार्डनर, १९८३ साली त्यांनी बहुविध बुद्धिमत्तेची मांडणी केली. त्यांनी स्वतः नंतर जाहीरपणे लिहिलंय की माझी बहुविध बुद्धिमत्ता आणि ही लर्निंग स्टाइल्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका. पण आपल्याकडं दोन्ही एकाच स्लाइडवर असतात.

हे वाचून मला दुःख झालं आणि सुटल्यासारखं पण वाटलं. कारण ३१ मुलांसाठी ३१ प्रकारचे तास घेणं मला कधीच जमलं नसतं, दोन वर्ग एकत्र असताना तर नाहीच. पण एकच गोष्ट सगळ्या मुलांना तीन-चार वाटांनी भेटवणं मला जमतं. ४९ काड्यांत, ४९ उड्यांत, ४९ आज्जीच्या भाषेत, ४९ फळ्यावर. कविता असेल तर ती कानानंच घ्यायला पाहिजे, मूल कुठल्याही कॉलममधलं असो. त्रिकोण शिकायचा तर तो हातात आला पाहिजे. म्हणजे वाट कुठली ते विषयच सांगतो बऱ्याचदा. आणि मूल कुठल्या वाटेनं आत शिरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दारं सगळी उघडी ठेवायची. मुलांना शिक्के मारायचे नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी ते प्रत्येक शिक्षण परिषदेत बोलते, बोलत राहणार.

त्रिकोणावरून आठवलं. अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी बऱ्याच जणांना माहीत असतील. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात त्यांना हे सुचलं, आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली, सगळी इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. व्हॉल्व्ह ट्यूबचा छोटा तुकडा कापायचा, दोन बाजूंनी दोन काड्या खुपसायच्या, झाला कोन. आमच्या गावातल्या पंक्चरवाल्यानं ट्यूब दिली, पैसे घेतले नाहीत. काड्यांच्या टोकांचा गुल आधी खरवडून काढायचा, लहान पोरं आहेत, हे मात्र विसरू नका.

पोरांनी त्रिकोण केला, चौकोन केला. मी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं, दाबून बघा. चौकोन लगेच तिरका होतो, पडतो. त्रिकोण हालत नाही. का? पाच मिनिटं सगळे नुसते दाबतायत. एक जण म्हणाला चौकोनाला पण मधनं काडी लावा, आणि लावली, आणि चौकोन उभा राहिला, म्हणजे त्यात दोन त्रिकोण झाले. आणि मग आमचा दोन इसा नऊवाला, जो आता पहिल्या रांगेत बसायला लागला होता, तो म्हणाला, "बाई, आमची कोपी आशीच हाय. तीन कोनाची. वाऱ्यानं हालत न्हाई." सगळी पोरं गप्प. गावातल्या पोरांनी त्या कोप्या रोज शाळेत येता-जाता बघितल्यात, पण बांबू आणि चटयांच्या त्या कोपीत काही अक्कल असेल असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तिकडं गेलो, बघायला, रांगेनं. त्याच्या आजोबांनी बांबू कसा रोवतात ते दाखवलं. भूमितीचा एवढा चांगला तास माझ्या नोकरीत झालेला नाही.

चित्रकलेचं पण सांगते. आपल्याकडं मुलांना चित्र काढा म्हटलं की काय येतं? दोन डोंगर, मधून सूर्य, डोंगरातून नदी, कडेला झोपडी, एक नारळाचं झाड. आमच्या गावात नारळाचं झाड नाही, झोपडी नाही, नदी डोंगराच्या मागं आहे. तरी तेच. मीही लहानपणी तेच काढायचे, माझ्या आईनंही तेच काढलेलं असणार. मुलाच्या डोक्यात कल्पना नसते असं नाही हो, पण हे चित्र काढलं की बाई "छान" म्हणतात हे त्यांना पहिलीतच कळलेलं असतं. म्हणून मी आता "निसर्गचित्र काढा" असं म्हणतच नाही. मी म्हणते, सकाळी घरापासून शाळेपर्यंत येताना जे दिसलं त्यातली एकच गोष्ट काढा, आणि ती जिथून दिसली तिथूनच काढा. सुरुवातीला पोरं अडतात, "मॅडम मला येत नाही" चालू होतं, खोडरबर गायब करावा लागतो. पण मग येतं एकेक. एका मुलीनं बापाच्या मोटारसायकलवर मागं बसून जे दिसतं तेच काढलं, म्हणजे पानभर शर्टाची पाठ आणि कडेला थोडंसं झाड. एकानं विहिरीतली मोटर काढली, वरून बघितल्यासारखी.

आणि टोळीतल्या त्या मुलानं सकाळचं काही काढलंच नाही, त्यानं गावाहून इकडं येतानाचा रस्ता काढला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानावर पाठमोरं बसून ती मुलं येतात, मागं बघत. त्यामुळं त्याच्या चित्रात रस्ता खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला, दोन्ही बाजूची झाडं लहान लहान होत गेलेली, आणि अगदी वर टोकाला एक ठिपका. मी विचारलं हा ठिपका काय? म्हणाला, "मपली आजी." ती गावातच राहते ना. मोठ्या वर्गात चित्रकलेच्या परीक्षेला यथार्थदर्शन म्हणून शिकवतात ते, पट्टी लावून. ह्यानं ट्रॉलीत बसून शिकलं होतं.

मी काही नवीन सांगत नाहीये हे मला माहीत आहे. आपल्याकडं याची फार मोठी परंपरा आहे आणि ती आपण शिक्षकच विसरतो याचं मला वाईट वाटतं. गुजरातमधल्या भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून पुढं मुंबईत आल्या, आणि मग १९४५ ला बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून या बायकांनी बिया, शंख, पानं, खडे घेऊन साधनं केली. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडीच आदिवासी पाड्यावर अंगणात नेली, हा अंगणवाडी शब्दच तिथला. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, तिथं तर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतायत आणि तिथंच शाळा चालू. मुलानं गुरं सोडून आधी शाळेत यावं मग बघू, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला माझ्या वर्गात मांडीवर बहीण घेऊन बसलेला तो मुलगा दिसला की कुरणशाळा आठवते. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ ला सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, फलटणला मॅक्सीन मावशींची (मॅक्सीन बर्नसन) शाळा, कमला निंबकर बालभवन, अगदी आमच्याच जिल्ह्यात. आणि सरकारी शाळांत म्हणाल तर कुमठे बीट, म्हणजे त्या भागातल्या शाळांचा गट, तेही सातारचंच, दहा-बारा वर्षांपूर्वी राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आहे त्या शिक्षकांत, मुलं जमिनीवर बसून स्वतःचं स्वतः शिकतायत हे तिथं लोकांनी डोळ्यांनी बघितलं.

पण मग काय झालं, बघून आलेल्या बऱ्याच जणांनी फरशी रंगवली. मी पण रंगवली होती, ऑइलपेंटनं, सुट्टीच्या दिवशी येऊन. रंगवण्यात वाईट काहीच नाही, पण फरशीवर शंभर चौकटी आखून त्यावर उभं राहून पोरं परत एक ते शंभर पाठच म्हणत असतील तर फळा फक्त भिंतीवरून खाली आला, एवढंच झालं. कुमठ्यात फरशीपेक्षा महत्त्वाचं होतं ते मुलाला करू देणं, चुकू देणं आणि बाईंनी थोडा वेळ तोंड बंद ठेवणं. ते रंगवता येत नाही.

आणि हे करायला नियम आड येतात असं जे म्हणतात ना, त्यांना माझी विनंती आहे की २० ऑगस्ट २०१० चा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय परत एकदा काढून वाचा. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकताच होणाऱ्या, मूल्यमापनाची आठ साधनं दिलीत त्यात. निरीक्षण आहे, तोंडीकाम आहे, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. लेखी चाचणी आठातली एक आहे फक्त! वर्णनात्मक नोंदी लिहायच्या आहेत प्रत्येक मुलाच्या. आणि आपण काय करतो? व्हॉट्सॲपवर नोंदींची पीडीएफ फिरते, "चित्रकलेत रस घेतो", "गटकार्यात सहभागी होतो", "नम्रपणे बोलतो", ती घ्यायची आणि पटावरच्या क्रमानं उतरवायची. मीही बरीच वर्षं उतरवल्यात, कारण मार्च-एप्रिलमध्ये ऑनलाइन माहित्या, याद्या, बैठका यांत जीव नकोसा होतो. पण ती एकच जागा आहे जिथं मी सरकारी कागदावर लिहू शकते की हे मूल नेमकं कसं विचार करतं, आणि ती जागा मी कॉपीपेस्टनं भरत होते.

पालकांचं मात्र खरंच अवघड आहे. वही बघतात. वहीत पानं भरलेली आणि लाल पेनची बरोबरची खूण, म्हणजे शिकवलं. त्या वर्षी जानेवारीत एक आई आली आणि म्हणाली, मॅडम, वही कोरीच की, नुसतं खेळवताय होय? रागानं नाही म्हणाली, काळजीनं म्हणाली, शेजारची पोरं पिवळ्या गाडीतून टाय घालून इंग्लिश मीडियमला जातात आणि हिला वाटतं माझं पोर मागं पडेल. तिला मी काय शासन निर्णय दाखवणार? मी तिला म्हटलं, ताई, उद्याचा तास बसा आमच्यात. ती बसली, मागं भिंतीला टेकून. काड्या वाटल्या तेव्हा तिलाही दिल्या. तिच्या मुलानं तिला इसाचं गणित घातलं, आणि ती हसून म्हणाली, अगं बाई, माझी सासू हेच म्हणायची आणि आम्ही तिला हसायचो. तेव्हापासून मी मंगळवारचा तास पालकांना उघडा ठेवलाय. कधी दोन येतात, कधी कोणीच नाही, सुगीत तर कोणीच नाही. चालतं.

गोंगाटाचं पण म्हणणं असतं लोकांचं. दोन वर्ग, काड्या, ठोकळे, भांडणं, आवाज होतोच. आमचे शेजारच्या वर्गाचे गुरुजी फार चांगले, त्यांनी सहन केलं, नंतर त्यांनीच तिसरी-चौथीला व्हॉल्व्ह ट्यूब मागून नेली. शनिवारी दप्तराविना शाळा, आनंददायी शनिवार, हे चांगलंच आहे, पोरं शनिवारची वाट बघतात. माझी तक्रार एवढीच की सगळी कल्पकता शनिवारवर ढकलून सोमवार ते शुक्रवार परत घोकंपट्टी करायची असेल तर मुलाला त्यातनं हेच कळणार की डोकं वापरायचं ते सुट्टीच्या आदल्या दिवशी. मंगळवारच्या बेरजेत पण ते पाहिजे. हातच्यात पाहिजे. शुद्धलेखनात सुद्धा पाहिजे.

त्या वर्षी कारखान्याचा पट्टा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पडला. टोळ्या चार दिवसांत निघाल्या. जाणाऱ्या मुलांना आपण शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे मूल गावाकडच्या शाळेत गेलं की तिथल्या शिक्षकांना कळावं हे कुठून आलं, काय शिकलंय. पाच मुलांची पत्रकं भरायची होती. चार भरली, प्रत्येकाबद्दल जे मला खरंच दिसलं होतं ते लिहिलं. त्याच्या पत्रकाशी आले तेव्हा तो दारातच उभा होता, बहीण काखेत, बाहेर ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, चटया लादलेल्या. मी तिथल्या बाईंसाठी, की गुरुजींसाठी, जे कोण असतील त्यांच्यासाठी, शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: "४९ ला दोन इसा नऊ म्हणतो. बरोबर आहे. गठ्ठे सोडू नयेत."